आमच्या पोस्टरला नंबर नको!

रस्त्यावरच्या चित्रकारांच्या 'मर्यादित प्रती' जमवण्याचा छंद आता आपल्याकडेही आला आहे. स्क्रीन प्रिंटिंगनं छापलेलं चित्र, खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं १२/१५० – म्हणजे दीडशेपैकी बारावी प्रत – शेजारी चित्रकाराची सही. मग काच, चौकट आणि दिवाणखान्याची भिंत. ज्यानं त्यानं काय जमवावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, असं म्हणून मी गप्प बसले असते. पण अशाच एका संग्राहकाचा निरोप दिंडोशीतल्या आमच्या केंद्रात आला. मोर्च्यांची जुनी पोस्टरं विकत द्या. नवी काढाल तर शंभरच काढा, नंबर घाला, फ्रेम पुसून टाका, चांगला भाव येईल. आमच्यातल्या काहीजणींना ते पटलंही. पैशाची चणचण कोणत्या संघटनेला नाही? म्हणूनच हा वाद इथे सगळ्यांसमोर मांडते आहे.

स्क्रीन प्रिंटिंग आपल्याला नवीन नाही. लाकडी फ्रेमवर ताणलेली जाळी, शाई आणि ती ओढायची स्क्वीजी. एका रंगाला एक फ्रेम. मोठं यंत्र लागत नाही, दहा बाय दहाच्या खोलीत काम होतं. म्हणून तर शिवण आणि पापड-मसाल्यांच्या जोडीला हेही महिला मंडळांच्या रोजगार-प्रशिक्षणात आलं. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, लेबलं, आणि ८ मार्च जवळ आला की पोस्टरं. एका फ्रेमवर शेकडो प्रती निघतात. म्हणजे शंभरावर थांबणं ही ना शाईची मर्यादा, ना जाळीची. टंचाई मुद्दाम घडवली जाते. १९७२ मध्ये मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या असल्याच टंचाईविरुद्ध. तेल-साखर दडवणारा साठेबाज, आणि चित्र दडवणारा मात्र कलेचा जाणकार?

या बाजाराचं पोट केवढं मोठं आहे पाहा. ब्रिटनच्या बँक्सीनं फुगा सुटलेल्या मुलीचं भिंतीवरचं चित्र २००४ च्या सुमारास छापलं, १५० प्रती सहीच्या आणि ६०० बिनसहीच्या. २०१८ मध्ये लंडनच्या लिलावात त्याच चित्राची कॅनव्हासवरची आवृत्ती विकली गेली आणि त्याच क्षणी चौकटीत लपवलेल्या यंत्रानं ती अर्धी कापली. बाजाराची थट्टाच! पण २०२१ मध्ये त्या फाटक्या चित्राला सुमारे १ कोटी ८६ लाख पौंड आले. थट्टाही विकून झाली.

आता आपली पोस्टरं आठवा. मथुरा प्रकरणातल्या १९७८ च्या निकालानंतर देशभर संताप उसळला, ८ मार्च १९८० ला बायका रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्या काळातल्या बहुतेक पोस्टरांवर चित्रकाराचं नाव शोधून सापडणार नाही. आमच्याकडेही एक मुलगी चित्र काढते, दुसरी अक्षरं, एखादी मावशी शाई ओढते आणि वाळत घालायला तिची सून असते. सही कुणाची घ्यायची? 'एकट्या प्रतिभावंता'ची कल्पनाच मुळात पुरुषी आहे, आणि बाजाराला नेमकी तीच लागते. १९९४ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात मूळ चित्राच्या फेरविक्रीतला वाटा चित्रकाराला देण्याची तरतूद आली. शाई ओढणारीचा त्यात उल्लेखही नाही.

आणि भिंतीचं काय? आमच्या भागात भिंत म्हटलं की कुणाला चित्र आठवत नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री कुरारच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची संरक्षक भिंत झोपड्यांवर कोसळली, पंचवीसहून जास्त माणसं गेली. त्यानंतर पुनर्वसनाच्या मागणीची जी पोस्टरं आम्ही छापली, ती पावसात भिजून फाटणार हे ठाऊक होतं. फाटली की पुन्हा छापायची. ती शंभरच काढायची असती तर गल्लीतली कोणती घरं वगळायची?

जमवण्याला माझा विरोध नाही, हे स्पष्ट करते. दिल्लीच्या झुबान प्रकाशनानं 'पोस्टर विमेन' प्रकल्पात देशभरच्या गटांकडून सुमारे १५०० पोस्टरं गोळा केली, म्हणून आज ती पाहायला तरी मिळतात. तोही संग्रहच, पण सगळ्यांना खुला. वाळवीपासून कागद वाचवणं वेगळं आणि भाव चढावा म्हणून फ्रेम पुसणं वेगळं.

"मग केंद्राचं भाडं कुठून भरायचं, ताई?" असं बैठकीत एकीनं विचारलं. प्रश्न रास्त आहे. वर्गणी आणि पिशव्यांच्या कामातून ते भरणं जिकिरीचं होतं. तरीही माझा ठराव असा आहे: प्रत्येक पोस्टरच्या पाच प्रती केंद्रात जपायच्या, मागे तारीख आणि काम केलेल्या सगळ्याजणींची नावं लिहायची. शाई ओढणारीला मजुरी द्यायची. फ्रेम पुसायची नाही. कोणताही गट मागेल तेव्हा कागद, शाई आणि मजुरीच्या खर्चात छापून द्यायचं. संग्राहकालाही प्रत जरूर द्यावी, पण नंबराशिवाय आणि कुरारच्या मंडळाला देतो त्याच भावात.