मामाचे थांबे

मामाबरोबर सांगलीत मारुती रोडवरून चालायचं म्हणजे एसटीच्या साध्या गाडीचा प्रवास. दर दोन मिनिटांनी थांबा. कधी भांड्यांच्या दुकानापुढे, कधी पानपट्टीपाशी, कधी नुसताच कुणाच्या तरी पाटीकडे बघत. आम्ही भाचरं हसायचो. जन्मभर कंडक्टरकी केली, आता घंटी वाजल्याशिवाय पाय हलत नाही म्हणायचो. तोही हसायचा.

आता ते हसणं आठवलं की कसंतरीच होतं. मामा दुकानं बघत नव्हता. चालताना पोटरीत गोळा यायचा, उभं राहिलं की जायचा, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा यायचा. पायाच्या रोहिणीत चरबी साचून वाट अरुंद झाली की असंच होतं. बसल्या जागी पुरणारं रक्त चालताना स्नायूंना कमी पडतं. जर्मन भाषेत या दुखण्याला 'दुकानाच्या काचा बघण्याचा आजार' अशा अर्थाचा शब्दच आहे म्हणे! आपल्याकडे त्याला 'वय झालं' म्हणतात. फार तर वात.

त्यात मामाला मधुमेह, आणि तंबाखूची डबी खिशात. नव्या चपलेने अंगठा सोलला तो त्याला कळलाच नाही, कारण मधुमेहात पायाची जाणीवही जाते. हळद झाली, मलम झालं. महिन्याभराने अंगठा काळा पडला. ज्या दवाखान्यात नेलं तिथे सांगितलं, गुडघ्याखालून काढावा लागेल. मामेभाऊ सही करायलाच निघाला होता. तेवढ्यात मामीच्या बहिणीची सून, ती नर्स आहे, तिने फोनवर विचारलं, "पायाची अँजिओग्राफी झाली का?"

झाली नव्हती. पाऊल हातात घेऊन नाडीसुद्धा कुणी बघितली नव्हती.

दुसरीकडे नेलं. डॉप्लर झालं, अँजिओग्राफी झाली, मांडीतली रोहिणी एका जागी बंद सापडली. जांघेत तेवढ्याच भागाला भूल देऊन एक सुई, तिच्यातून तार, तारेवरून नळी, नळीच्या टोकाला फुगा. फुगा बंद जागी नेऊन फुगवायचा आणि काढून घ्यायचा. वाट उघडी राहत नसेल तर आत स्टेंट ठेवायचा. मामा जागा होता आणि डॉक्टरांना गाडी कुठवर आली ते विचारत होता. अंगठा गेला, पण पाय राहिला.

आपल्याला वाटतं, अँजिओप्लास्टी म्हणजे हृदयाची. प्रत्यक्षात थोरली बहीण पायाची आहे. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर या क्ष-किरणतज्ज्ञाने ८२ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतली रोहिणी नळ्या सरकवून रुंद केली. तेव्हा फुगाही नव्हता. सर्जननी पाय कापायला सांगितलं होतं, बाईंनी साफ नाही म्हटलं. पुढची जवळजवळ अडीच वर्षं, मरेपर्यंत, त्या स्वतःच्या दोन पायांवर होत्या. आंद्रेआस ग्रुंटझिगने झुरिचमध्ये १९७४ साली फुगा वापरला तोही आधी पायातच. हृदयाची पाळी १९७७ ला आली.

मला राहून राहून त्या बाईंचं 'नाही' आठवतं. छातीत कळ आली की आपण मध्यरात्री रिक्षा काढतो. पाय काळा पडतो तेव्हा मात्र हळदीवर महिना काढतो आणि मग एका वाक्यात तो कापायलाही तयार होतो. मी डॉक्टर नाही, पण माझं मत ठाम आहे. जंतुसंसर्ग अंगात भिनून जीवच धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी. एरवी पाय काढायच्या कागदावर सही करण्याआधी रोहिण्यांची तपासणी दाखवा, असं घरच्यांनी विचारलंच पाहिजे. विचारल्याने राग आला तर येऊ दे. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून भागाकार करायचा, ०.९ च्या खाली आला तर रोहिणीत अडथळा आहे असं धरतात. मधुमेह्यांच्या रोहिण्या कडक झाल्या की हा आकडा फसवतो, मग बोटाचा दाब बघतात. यात कापाकापी कुठेच नाही.

दुसऱ्या टोकाचीही मंडळी आहेतच. मामाचं ऐकून आमच्या एका काकांनी "मलाही तो फुगा घालून घ्यायचाय" असा धोशा लावला. त्यांना जखम नाही, फक्त चालताना पोटरी दुखते. अशांना आधी तंबाखू बंद, रक्त पातळ ठेवायची आणि कोलेस्टेरॉलची औषधं, आणि चालणं! दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला, आठवड्यातून तीनदा तरी, निदान तीन महिने. बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतं. ऐकायला फुकट वाटतं म्हणून पटत नाही. शिवाय फुगा काही कायमचा नसतो. मांडीतली रोहिणी दर पावलाला वाकते, पिळते, पुन्हा बुजू शकते. कुणाकुणाला स्वतःचीच शीर काढून बायपास करणं जास्त बरं पडतं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, चांगली शीर मिळत असेल तर बायपासच सरस ठरला होता. तेव्हा बिनटाक्याचं ते सोपं आणि सोपं ते चांगलं, असं काकांना वाटतं तसं नाहीये.

असो. मामाने डबी सोडली. मामीचा यावर पूर्ण विश्वास नाही, ती अजून शर्टाचे खिसे हुंगते.

दिवाळीत पुन्हा मारुती रोडला गेलो होतो. मामा भांड्यांच्या दुकानापुढे थांबला आणि माझ्या पोटात धस्स झालं. "दुखतंय का रे मामा?"

"नाही रे," तो म्हणाला, "तुझ्या मामीला चाळणी हवीय."