श्रद्धा हे गुंगीचे औषध नव्हे

दुःखाच्या घरी जाऊन बोलणे सोपे असते. कठीण असते ते तेथे बसून राहणे. म्हणूनच की काय, आपल्या समाजात सांत्वनाची दोन तयार वाक्ये रूढ झाली आहेत. एक : ‘देवाची इच्छा, सोसायलाच हवे.’ दुसरे : ‘श्रद्धा कमी पडली, नाहीतर आजार बरा झाला असता.’ पहिले वाक्य देवाला निर्दय ठरवते, दुसरे पीडिताला अपराधी. दोहोंनाही शुभवर्तमानाचा आधार नाही, हे एकदा स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडले आणि त्याच्या पापांचा हिशेब मांडला. ग्रंथाच्या अखेरीस परमेश्वराचा कोप होतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची वकिली करणाऱ्या या मित्रांवर! शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसे दगावली. ती इतरांहून अधिक पापी होती, हा तर्क प्रभू येशूने साफ नाकारला (लूक 13). आणि क्रुसावर स्वतः प्रभूने 22व्या स्तोत्राचा आक्रोश केला. त्याचीही श्रद्धा कमी पडली, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय?

मग प्रार्थनेने रोगी बरे होत नाहीत काय, असे कोणी विचारील. प्रभूने रोगी बरे केले, आणि आजाऱ्यांना तैलाभ्यंग करताना ख्रिस्तसभा आजही त्यांच्या आरोग्यासाठी प्रार्थना करते. परंतु प्रार्थना ही विनवणी आहे, सौदा नव्हे. वैद्यालाही देवानेच निर्माण केले, असे बेन सिराच्या ग्रंथाचा 38वा अध्याय सांगतो. औषध सोडून श्रद्धा सिद्ध करा, असे सांगणारा उपदेशक देवाच्या देणगीचाच अव्हेर करतो.

आशा म्हणजे काय, हे समजावताना पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी 2007 च्या आपल्या विश्वपत्रात संत जोसेफिन बखिता हिचे उदाहरण दिले. सुदानमधील ही मुलगी बालपणीच पळवली गेली, पुनःपुन्हा विकली गेली. फटक्यांचे व्रण तिच्या अंगावर होते. इटलीत तिला प्रभूची ओळख झाली. त्याने तिला काय शिकवले? निमूटपणे सोसायला? नाही. मालकीण परत न्यायला आली, तेव्हा बखिताने जाण्यास ठाम नकार दिला. 29 नोव्हेंबर 1889 रोजी न्यायालयाने ती स्वतंत्र असल्याचा निर्णय दिला. पुढील जानेवारीत तिचा स्नानसंस्कार झाला. आपल्यावर प्रेम करणारा, आपल्यासारखेच फटके खाल्लेला एक प्रभू आहे, हे कळताच तिची मान ताठ झाली. ख्रिस्ती आशा ती हीच.

दुःखाचे सारे कोडे उलगडून देण्याचे वचन आपल्या धर्माने कधीच दिलेले नाही. देव त्या दुःखात आपल्यासोबत उतरला आणि मरण हा शेवटचा शब्द नाही, एवढे मात्र तो सांगतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1984 मध्ये मानवी दुःखावर लिहिलेल्या पत्राचा प्रवाह अखेर चांगल्या शोमरोन्यापाशी येऊन पोहोचतो, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. त्या शोमरोन्याने जखमी वाटसरूला प्रवचन दिले नाही. त्याने जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवले, आणि उतारशाळेचे पैसे भरले.

वाचकहो, पुढच्या वेळी दुःखाच्या घरी जाल तेव्हा ती दोन वाक्ये उंबऱ्याबाहेर ठेवा. औषधाची चिठ्ठी मागून घ्या, रात्रीच्या जागरणाची पाळी वाटून घ्या, आणि मग हात हातात धरून प्रार्थना करा. त्या प्रार्थनेला बळ असेल.