बर्फाचं वेळापत्रक

स्कीइंग म्हटलं की आपल्याला उतार दिसतो. फ्रान्समधल्या शामोनीपासून स्वित्झर्लंडमधल्या झरमाटपर्यंतच्या ‘ओत रूट’वर मात्र दिवसाचा बराचसा वेळ चढण्यात जातो. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या. पूर्वी त्या सीलच्या कातड्याच्या असत, आता मोहेर किंवा नायलॉनच्या. केस मागे झुकलेले, म्हणून स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. माथा आला की पट्ट्या काढून पिशवीत. शामोनीचे डॉक्टर मिशेल पायो आणि त्यांचे सोबती १९०३ च्या जानेवारीत ही वाट स्कीवरून पहिल्यांदा गेले. आता लोक मार्च-एप्रिलमध्ये जातात. दिवस मोठा असतो, हिमनद्यांच्या भेगांवर हिवाळाभराचा बर्फ साचलेला असतो आणि मुक्कामाची कबानं, म्हणजे डोंगरातल्या निवारा-झोपड्या, उघडी असतात.

पण वसंतातला बर्फ घड्याळ लावून वागतो. निरभ्र रात्री तो कडक गोठतो. सकाळच्या उन्हात वरचा बोटभर थर सुटून रवाळ होतो, आणि त्यावरून उतरण्यासारखं सुख नाही. तासा-दोन तासांत तोच बर्फ आतपर्यंत भिजतो आणि अख्खा उतार सुटून खाली येऊ शकतो. म्हणून पहाटे काळोखात उठायचं. रात्र ढगाळ असेल तर बर्फ नीट गोठतच नाही. मग लवकर उठण्याचं पुण्यही वाया.

मी आणि माझा पुणेकर मित्र एका गाईडबाईंसोबत या वाटेवर गेलो, तेव्हा आमचा खरा कस लागला तो दिस कबानमध्ये, बसल्या जागी. दुसऱ्या दिवशी पिन्य दारोला चढायचं होतं, ३,७९० मीटर, या वाटेवरचं सर्वांत उंच ठिकाण. गाईडबाईंनी हवामानाचा अंदाज वाचला आणि ‘जायचं नाही’ म्हणाल्या. बाहेर लख्ख ऊन! पण २०१८ च्या एप्रिलअखेरीस याच शिखराच्या परिसरात चौदा जणांना वादळात रात्र उघड्यावर काढावी लागली. सात जण गेले. विन्येत कबान तिथून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर होतं. सह्याद्रीत धुक्यात वाट हरवलेल्यांना हे थोडंफार कळेल. फक्त आपल्याकडे झाडाखाली बसून राहिलं तरी सकाळ होते.

तेव्हा स्की पाठीला बांधून पा द शेव्रच्या लोखंडी शिड्या चढलो आणि पलीकडे आरोला गावात उतरलो. वादळ आलं, पण संध्याकाळी. त्यामुळे मित्राचा वाद अजून संपलेला नाही: ‘तेवढ्यात जाऊन आलो असतो.’ असतोही कदाचित.

हवा निवळल्यावर विन्येत गाठलं. तिथून शेवटचा दिवस तीन खिंडींचा. मों ब्र्युलेची चढण इतकी उभी की स्की पुन्हा पाठीवर. व्हालपेलीन खिंड ओलांडली आणि मॅटरहॉर्नच्या उत्तर भिंतीखालून, न रेंगाळता, खाली सुटलो. झ्मुटजवळ बर्फ संपला, उरलेलं पायी.

झरमाटमध्ये मोटारींना बंदी आहे. रस्त्यावर विजेच्या चिमुकल्या गाड्या आणि जगभरचे पर्यटक. एकसारख्या टोप्या घातलेल्या घोळक्यातल्या एका काकूंनी आमचं मराठी ऐकलं.

‘अगं, कुठून आलीस एवढी दमून?’

‘फ्रान्समधून, काकू.’

‘बसने?’

मी डोंगराकडे बोट दाखवलं.

‘अगंबाई! केबल कार नव्हती का?’

‘होती ना,’ मित्र म्हणाला. ‘गाईडबाईंनी बसू दिलं नाही.’