विश्लेषण : ग्रुपची मर्यादा ६५,५३६, मग १७व्यालाच दार बंद का?

कंपनीत नवा प्रकल्प सुरू होतो. सिस्टिम अ‍ॅडमिन कर्मचाऱ्याला प्रकल्पाच्या ग्रुपमध्ये टाकतो. कर्मचारी पुन्हा लॉग-इन करून ‘आयडी’ कमांड चालवतो. यादीत नवा ग्रुप दिसतो. तरीही सर्व्हरवरचे फोल्डर उघडत नाही : ‘परमिशन डिनाइड’. मग आधी नेटवर्कवर संशय, नंतर कर्मचाऱ्यावरच. दोष मात्र एका जुन्या आकड्याचा असू शकतो.

मर्यादा कशाची?

लिनक्समध्ये फाइल कोणी उघडायची, हे प्रामुख्याने मालक आणि ग्रुप यांवरून ठरते. एका युजरला किती जादा ग्रुप मिळतील, याला मर्यादा असते. लिनक्स कर्नलमध्ये ती ३२ होती. २००४ मध्ये आलेल्या २.६.४ आवृत्तीत ती ६५,५३६ झाली. प्रश्न सुटला, असे कोणालाही वाटेल.

मग १६ आले कुठून?

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८०च्या दशकात आणलेल्या ‘एनएफएस’मधून. नेटवर्कवरची फाइल मागताना क्लायंट सर्व्हरला युजरचे एक ओळखपत्र पाठवतो. त्याच्या नेहमीच्या प्रकारात जादा ग्रुपसाठी जागा फक्त १६. हे मानक २००९ मध्ये नव्याने प्रसिद्ध झाले, तेव्हाही आकडा तोच राहिला. जीलिब्सी या सिस्टिम लायब्ररीचा जुना आरपीसी कोड यादी १६ वर छाटत असे. कर्नलमधला एनएफएस क्लायंटही तेच करतो. तेही गुपचूप, आणि खरी चूक हीच आहे. मर्यादा असण्याला हरकत नाही. पण यादी कापली, एवढे तरी सांगायला नको?

लायब्ररीतला आकडा वाढवून भागत नाही. पलीकडचा सर्व्हर १६च ग्रुप वाचणार. शिवाय जुन्या प्रोग्रॅममध्ये ठरावीक जागेची यादी कंपाइल झालेली असते. ग्रुप त्याहून जास्त निघाले, तर ‘गेटग्रुप्स’ एरर देते आणि आळशी प्रोग्रॅम ती तपासतही नाही. वास्तविक याच फंक्शनला शून्य आकार दिला, की ते आधी संख्या सांगते. तेवढी एक ओळ लिहायची.

सर्व्हरवर ‘मॅनेज-जीआयडीज’ हा पर्याय सुरू केला, तर क्लायंटची यादी बाजूला ठेवून सर्व्हर स्वतःच्या नोंदीतून ग्रुप शोधतो. हाच मार्ग योग्य वाटतो, कारण समोरून आलेल्या यादीवर विश्वास ठेवणे तसेही धोक्याचेच होते. अट एवढीच की सर्व्हरकडची युजर आणि ग्रुपची नोंद अद्ययावत हवी. नाहीतर १७वाच काय, पहिला ग्रुपही चालणार नाही.