खडे पत्त्यावर नको, डबीवर लावा

भोर-वेल्ह्यातून सध्या एक प्रश्न येतोय: "टॅरो कार्डांवर कुंदन खडे चिकटवून विकले तर चालेल का?" छंद म्हणून बिनधास्त करा. विकायचं असेल तर माझं मत वेगळं आहे.

आधी हिशोब. टॅरोचा संच 78 पत्त्यांचा. एका पत्त्याला पाच मिनिटं धरली तरी 390 मिनिटं, म्हणजे साडेसहा तास. तासाला 80 रुपये धरले तर नुसती मजुरी 520 रुपये. संच, खडे, गोंद वेगळं. आपण मात्र "घरीच तर बसून केलं" म्हणतो आणि मजुरी धरतच नाही. तिथेच धंदा बसतो.

दुसरं, पत्ते पिसायचे असतात. खडे लावले की गड्डी नीट बसत नाही, खडे निघतात आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येतं.

सावंतवाडीच्या गंजिफा बघा. दशावतारी संचात 120 पत्ते. गोल, हाताने रंगवलेले. नक्षी भरपूर, पण पत्ता सपाटच. डबीसुद्धा रंगवलेली. वस्तूचा उपयोग सांभाळून सजावट, हेच शिकायचं.

म्हणून पत्ते तसेच ठेवा, खडेकाम डबीवर करा. रुखवताची ताटं सजवणारा हात आपल्याकडे आहेच. आधी पाचच डब्या करा आणि ओळखीबाहेरच्या गिऱ्हाईकाला पूर्ण किमतीत विका. खपल्या, तरच पुण्यात रविवार पेठेतून घाऊक खडे आणा. आणि हो, "नशीब उजळेल" सांगून विकू नका. आपण कारागिरी विकतोय, नशीब नाही.