टोकन देण्याआधी

दसऱ्याला गाडी दारात हवी, असं घरात एकदा ठरलं की माणसाची अर्धी अक्कल तिथेच गहाण पडते. नवी घ्यायची ऐपत नाही म्हणून जुनी. बजेट तीन लाख, ताणून सव्वातीन. मग रात्री जेवणं आटोपली की मोबाईलवर गाड्या बघणं सुरू होतं. मेहुणा एक सांगतो, ऑफिसातला मित्र दुसरंच. रविवारी तीन यार्डं पालथी घातली जातात आणि तिसऱ्या ठिकाणचा एजंट खांद्यावर हात ठेवून म्हणतो, ‘‘साहेब, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय. पाच हजार टोकन टाका, मी तिला नाही म्हणून सांगतो.’’ वहिनींना रंग आवडलेला असतो, पोरं मागच्या सीटवर बसलेली असतात. टोकन जातं. तिथून पुढे गाडी तपासणं संपतं आणि स्वतःच्या मनाची समजूत काढणं सुरू होतं.

जुनी गाडी घेताना जो ताण येतो, त्यातला निम्मा या पाच हजारांनी विकत घेतलेला असतो. म्हणून माझं सांगणं एकच आहे. टोकनची पाळी शेवटी येऊ द्या. ‘दुसरी पार्टी’ येत असेल तर येऊ द्या. वॅगनआर, स्विफ्ट, आय-टेन यांचा महाराष्ट्रात दुष्काळ पडलेला नाही. ही गेली तर पुढच्या आठवड्यात तशीच दुसरी दिसेल. यार्डातून रिकाम्या हाताने परत यायची ज्याची तयारी आहे, त्याला फसवणं अवघड जातं, आणि हे एजंटला तुमच्या आधी कळतं.

किमतीचंही तसंच, घाई नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या, तेव्हा त्याआधी घेतलेल्या गाडीचा मालक ‘‘मी साडेसहाला घेतली होती हो’’ म्हणाला तर ऐकून घ्या, पण हिशोब त्या मॉडेलच्या आजच्या ऑन-रोड किमतीवरून करा. त्याने तेव्हा किती दिले हा त्याचा इतिहास झाला.

बजेट तीन लाखांचं असेल तर गाडी तीन लाखांची बघू नका. अडीच-पावणेतीनच्या आत बघा. टायरचा सेट, बॅटरी, ऑइल आणि फिल्टर, क्वचित क्लच प्लेट, इन्शुरन्स, नावावर करायचा खर्च हे सगळं पहिल्या तीन महिन्यांत दत्त म्हणून उभं राहतं. त्यासाठी बाजूला काढलेले पैसे नसले की माणूस चांगल्या गाडीलाही शिव्या देत बसतो. कर्ज काढणार असाल तर जुन्या गाडीचा व्याजदर नव्यापेक्षा चढा असतो, हेही धरून चाला.

आता कागद. गाडी बघायला जाण्याआधी नंबर मागून घ्या. जो नंबर द्यायला का-कू करतो, त्याच्याकडे जाऊच नका. परिवहनच्या सरकारी ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, इंधन, इन्शुरन्स आणि पीयूसीची मुदत आणि बोजा आहे की नाही, एवढं घरबसल्या दिसतं. जाहिरातीत ‘फर्स्ट ओनर’ आणि ॲपवर तीन, असं निघालं तर पेट्रोल वाचलं. थकलेली ई-चलनंही त्याच नंबरावर दिसतात. ती विकणाऱ्याने भरायची, हे आधीच बोलून घ्या. नंतर त्यावरून तोंडं वाकडी होतात.

बोजा म्हणजे हायपोथिकेशन. कर्ज फिटलंय असं तोंडी सांगणारे पुष्कळ भेटतात आणि त्यातले बरेच खरंही बोलत असतात. फक्त आरसीवरून बँकेचं नाव काढायला कोणी आरटीओची पायरी चढलेलं नसतं. बँकेची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय तो बोजा उतरत नाही आणि गाडी तुमच्या नावावर येत नाही. ‘‘बँकेत सांगितलंय, चार दिवसांत येईल’’ असं म्हणत असतील तर आपणही चार दिवसांनीच पैसे घेऊन जावं.

दिल्ली पासिंगच्या गाडीबद्दल वेगळं सांगायला हवं. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर गदा आल्यापासून त्या बाहेरच्या राज्यांत स्वस्तात येऊ लागल्या. किंमत बघून डोळे दिपतात. पण तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स पुन्हा भरणं, एमएच नंबर घेणं आणि तिथे भरलेला टॅक्स परत मिळवण्यासाठी हेलपाटे हे सगळं धरलं की स्वस्ताई बरीच आटते. आपल्याकडची पंधरा वर्षांची गाडीसुद्धा अशीच हिशोबाने घ्यावी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. मग तपासणी करून पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. त्याची फी एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाली, शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळतेय, याचं उत्तर इथे आहे.

सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर ते आरसीवर चढलेलं हवं आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी झालेली हवी. नसेल तर किमतीचं बोलणंही काढू नका.

गाडी बघायला सकाळी जा आणि जाताना सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा, कोणीतरी तुमच्या आधी तिला जागं करून ठेवलंय. थंड इंजिन खरं बोलतं. चालू करताना एकाला मागे सायलेन्सरपाशी उभं करा. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ निघून विरली तर काही नाही. पण निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय, आणि गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कुलंट आत जातंय. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. दुधाच्या कॉफीसारखा चिकटा दिसला तर इंजिनात पाणी आणि ऑइल एकत्र होत असण्याची दाट शक्यता आहे. मिस्त्री मंडळी झाकण उघडं ठेवून, इंजिन चालू असताना तिथून येणारा भपकारा बघतात आणि ‘बॅक कॉम्प्रेशन आहे’ म्हणतात. हा शब्द ऐकला की सौदा तिथेच थांबवा. इंजिनकाम लहान गाडीलाही परवडत नाही.

मग डॅशबोर्ड. चावी फिरवा, पण इंजिन चालू करू नका. एअरबॅगचा लाल दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागलाच नाही तर नुसतं ‘‘बल्ब गेलाय’’ यावर समाधान मानू नका. अपघातात फुटलेल्या एअरबॅग नव्या न बसवता दिवाच काढून टाकायची चलाखी जुनी आहे. चारचौघांत एवढं बारकाईने बघायची आपल्याला लाज वाटते. ती लाज यार्डाच्या फाटकाबाहेर ठेवून जा. पैसे तुमचे आहेत.

पुरात बुडालेल्या गाड्यांचा विषय आपल्याकडे पुन्हा पुन्हा येतो. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण, मुंबईत तर २६ जुलै २००५ पासून. इन्शुरन्स कंपनीने निकालात काढलेली गाडी लिलावात जाते, कोणीतरी ती घेऊन उभी करतो, आणि काही महिन्यांनी ती दुसऱ्याच जिल्ह्यात चकचकीत होऊन येते. शॅम्पू आणि अत्तराच्या बाटलीने सीट फसतात, सीटबेल्ट फसत नाही. बेल्ट शेवटपर्यंत, अगदी अडेल तिथवर ओढा. जो भाग एरवी गुंडाळून आत असतो, तिथे मातकट डाग किंवा पाण्याची आडवी रेघ दिसली तर गाडी बुडाली होती. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, डिकीत स्टेपनी उचलल्यावर खाली गाळाचा थर आहे का, तेही बघा. काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा. कुबट वास आला तर आणखी काही बघायची गरज नाही. अशी गाडी पन्नास हजारांनी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. वायरिंगचा त्रास सहा महिन्यांनी सुरू होतो आणि तो कुठल्याच इलेक्ट्रिशियनला पुरता सापडत नाही.

किलोमीटर मागे फिरवणं हा तर धंद्याचा नित्यनेम. दहा वर्षांची गाडी आणि मीटरवर अडतीस हजार, म्हणजे महिन्याला तीनशेच्या आसपास. एखाद्या निवृत्त माणसाची गाडी खरंच तेवढी फिरलेली असू शकते. पण मग क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत का? स्टिअरिंगची कातडी का सोललीय? टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, त्यात ३११९ असेल तर तो २०१९ च्या एकतिसाव्या आठवड्यात बनलेला. त्यावरून टायर किती वेळा बदललेत याचा अंदाज येतो; अडतीस हजारांत दोनदा बदलायची वेळ सहसा येत नाही. याहून भक्कम पुरावा म्हणजे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी. तिथे प्रत्येक खेपेला मीटर लिहून घेतलेला असतो. मालकाला त्या दाखवायला सांगा. जुन्या पॉलिसीवरचा नो क्लेम बोनसही वाचा. तो शून्य असेल तर आधी क्लेम घेतलाय का, कशासाठी, हे विचारायला आधार मिळतो.

एक राहिलं. जाहिरातीत ‘डॉक्टरांची गाडी’ आणि ‘लेडी ड्रिव्हन’ असं हमखास लिहिलेलं असतं. रस्त्यावर पुढची गाडी अडखळली की ‘बाई असणार’ म्हणून हॉर्न मारणारे लोकच गाडी विकताना बाईचं नाव पुढे करतात. डॉक्टर असो, बाई असो, क्लच प्लेट कोणाची भीड ठेवत नाही.

हे सगळं तुम्ही केलंत तरी शेवटी एक मिस्त्री घ्याच, तुमचा स्वतःचा. एजंटने सुचवलेला नको आणि एजंटला ओळखणाराही नको. त्याच्या अर्ध्या दिवसाचे हजार-दीड हजार आनंदाने द्या आणि त्याला गाडी लिफ्टवर चढवून खालून बघू द्या. ॲप्रन, पिलर, चॅसिसवर ठोकल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा त्यालाच दिसतात. ट्रायलला खडबडीत रस्ता, एक चढ आणि थोडा मोकळा रस्ता, तिन्ही घ्या. यार्डाभोवतीची प्रदक्षिणा ही ट्रायल नव्हे. लिफ्टवर न्यायला जो नाही म्हणतो, त्याने तुमचं उत्तर दिलेलं असतं.

कुठली गाडी घ्यावी, हे मी सांगत नाही, कारण ज्याची त्याची गरज वेगळी. पण बजेटात बसत असेल तर जुलै २०१९ नंतरची बघा. तेव्हापासून चालकाची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर, सीटबेल्टची आठवण करून देणारी घंटी या गोष्टी सक्तीच्या झाल्या, आणि एबीएस त्याच वर्षी एप्रिलपासून. आणि देश सोडून गेलेल्या कंपनीची गाडी अर्ध्या किमतीत मिळते म्हणून हुरळून जाऊ नका. शेवरोलेची बीट आपल्या तळेगावला बनायची, गाडी वाईट नव्हती. पण २०१७ च्या अखेरीस कंपनीने इथली विक्री थांबवली आणि आज तिचा एखादा सुटा भाग शोधायचा तर जुन्या बाजारात फिरावं लागतं. गावात तिचं काम करणारा मिस्त्री माहीत असेल तरच घ्या.

सगळं मनासारखं निघालं तर आता टोकन द्या. रोख देऊ नका, खात्यावर द्या आणि लिहून घ्या की कागदात काही अडलं तर पैसे परत. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते भिंतीवर आहे का बघा, नसेल तर विचारा.

नावावर करण्यात मात्र ढिलाई नको, विकणाऱ्याने तर अजिबात नको. कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून लोक किल्ल्या देऊन मोकळे होतात. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात असंच झालं होतं. गाडी हातोहात पुढे विकली गेली, २००९ मध्ये अपघात झाला, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा, असं कायदाच सांगतो. इन्शुरन्ससाठीही चौदा दिवसांतच अर्ज करायचा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, गाडीबरोबर येत नाही. पॉलिसी तुमच्या नावावर नसताना गाडी ठोकली तर दुरुस्तीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो.

तेव्हा व्यवहार ठरवतानाच सांगून ठेवा की दहा-पंधरा हजार मागे राहतील. ते ॲपवर मालक म्हणून तुमचं नाव दिसेल त्या दिवशी द्या, एक दिवसही आधी नको.