हात तुझा बरोबरच!

बालमित्रांनो, आमच्या शाळेतला चौथीचा एक डावखुरा मुलगा सुट्टीत काकांबरोबर खाडीवर गरवायला गेला. काठी डाव्या हातात धरली, तर रिळाचं हँडलही डावीकडेच! हात बदलेपर्यंत दोरी सैल पडली अन् मासा निसटला.

"बाई, माझा हातच वाईट ना?"

मी चपापले. पहिलीत 'उजव्या हातानं लिही' म्हणणारी मीच!

अरे, चुकली ती हँडलची बाजू. काठीखाली लटकणाऱ्या स्पिनिंग रिळाचं हँडल बहुधा काढून दुसऱ्या बाजूला बसवता येतं. काठीच्या वर बसणाऱ्या बेटकास्टिंग रिळाचं सहसा नाही. तिथं विकत घेतानाच बाजू बघायची. जोराचा हात काठीला, दुसरा हँडलला. काहींना उलटं सोपं जातं. दोन्ही करून पाहा.

पालकहो, हँडल बदला. मुलाचा हात राहू द्या.